निपाणीच्या गलबतावरचं नाव

आमच्या गल्लीत त्या गलबताचा विषय निघाला की मी उठून बाहेर जातो. कधी नळाला पाणी आलं का बघायला, कधी चष्मा विसरला म्हणून. ही सवय आता इतकी जुनी झाली आहे की घरच्यांना वाटतं, मला गर्दीत बसवत नाही. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही, आणि आता ती ऐकायला उरलेली नाही.

गल्लीत ती गोष्ट अशी सांगतात: शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी आपण एकदा मोठं लाकडी गलबत केलं होतं, आणि मिस्त्रीनं त्यावर गुपचूप कन्नड नाव कोरलं, पोरांच्या वेळेत लक्षात आलं म्हणून अब्रू राहिली. सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते गलबत पाहिलेलंही नाही. यातलं 'गुपचूप' खोटं आहे. 'कन्नड नाव' हेही खोटं आहे. आणि 'मिस्त्रीनं' हे अर्धंच खरं आहे. उरलेला अर्धा मी.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी निपाणीत एका सरकारी कचेरीत कारकून होतो, नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. निपाणी कर्नाटकात, त्यामुळे ती पक्की व्हायला कन्नडची परीक्षा पास करावी लागे. निपाणी महाराष्ट्रात जावी म्हणून आमच्या गल्लीतल्या नोकरदार पोरांनी मारुतीच्या देवळात नारळावर हात ठेवून शपथ घेतली होती की ही परीक्षा कुणी द्यायची नाही. नारळावर माझाही हात होता. आणि मी ती परीक्षा देऊन पास झालो होतो. घरी म्हातारे आईवडील होते, नोकरी सुटली असती तर दुसरी कुठे मिळणार होती? कन्नड बोलायला आमच्याकडे सगळ्यांनाच यायचं, बाजारात त्याशिवाय भागत नसे. पण शाळा मराठी, त्यामुळे ती अक्षरं वाचायला गल्लीत कुणालाच येत नसत. मला येत होती, हे एकट्या मिस्त्रीला ठाऊक होतं, कारण शिकवलं त्यानंच होतं.

मिस्त्रीचं घर आमच्या घराला लागून. मध्ये छातीइतकी भिंत. तो बैलगाड्या करायचा. गोकाककडचा, घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि दोन्ही मोठ्या आवाजात. मी त्याला अण्णा म्हणायचो आणि तो मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. कचेरीतून आलो की मी भिंतीवरून उडी मारून त्याच्या पडवीत बसायचो. तो कानावरची पेन्सिल काढून एखाद्या फळीवर अक्षरं काढायचा, मी खाली गिरवायचो. धडा संपला की तो त्याच फळीवर रंधा मारायचा. माझी कन्नड बाराखडी भुश्शात गोळा होऊन त्याच्या बायकोच्या चुलीत जायची. "तुझा अभ्यासावर आमचा भाकरी भाजतोय बघ," असं अक्का म्हणायची. तिचं मराठी नवऱ्यापेक्षा बरं होतं असं तिला वाटे.

मिस्त्रीच्या मराठीत एक खोड होती. त्याला 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक कधी कळला नाही. "काल आपण संकेश्वरला गेलतो," असं तो सांगायचा.

"मी कुठं होतो अण्णा?"

"तू कचेरीत हुतास की."

"मग आपण कसं? आम्ही म्हणा."

"तेच ते रं! आमच्यात दोन न्हाईत. एकच हाय, नावु. तुमीच लई हिशेबी लोक, आपल्या माणसाला सुद्दा आत-बाहेर करता."

मी हसायचो आणि पुन्हा दुरुस्त करायचो. तो पुन्हा तेच म्हणायचा.

आता गलबत. आमच्याकडे शिवजयंती जुन्या तिथीला, वैशाखात होते, आणि बसवजयंती तिला लागूनच, दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी मराठी घरांचा देखावा निघायचा, दुसऱ्या दिवशी कन्नड घरं बैलांच्या शिंगांना बेगड लावून मिरवायची. गल्ली तीच, रस्ता तोच, आणि दोन्ही दिवशी कुरबुर ठरलेली. बॅनर कुणी काढला, कमान कुणाची मोडली. गल्लीत तंबाखूच्या वखारीचे मालक होते, सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्या साली त्यांनी बैठकीत सांगून टाकलं, "अवंदा एकच गाडं करायचं. पयल्या दिवशी त्यात महाराजांची तसबीर, दुसऱ्या दिवशी बसवण्णांची. लाकूड एक, बैल एक. बघू कोण भांडतंय ते."

एकाच गाड्यात दोघंही शोभतील असं काय करायचं, यावर बरीच चर्चा झाली. किल्ला म्हटलं तर कन्नड घरं म्हणाली, हा तुमचाच. देऊळ म्हटलं तर मराठी घरं म्हणाली, हे त्यांचं. शेवटी आप्पांच्या वखारीतल्या एका कॅलेंडरवर जुन्या गलबताचं चित्र होतं, त्याच्यावर बोट पडलं. महाराजांचं आरमार होतंच, आणि भवसागर तर सगळ्यांनाच तरायचा असतो. समुद्र आमच्यापैकी एकानेही पाहिलेला नव्हता, त्यामुळे भांडायला कुणाला मुद्दा सापडला नाही.

आप्पांची एक वखार गळकी म्हणून रिकामी पडली होती. तिथे काम सुरू झालं. तंबाखू काढली तरी तिचा वास भिंतींत मुरलेला, आत आलेला माणूस आधी शिंकायचा मग बोलायचा. मिस्त्रीनं गलबत केलं ते बैलगाडी करतात तसंच केलं. खाली आख, आखावर साटा म्हणजे गाडीचा सांगाडा, साट्यावर बाभळीच्या वाकड्या फांद्या बसवून पोट. बिड्या वळणाऱ्या बायांनी तंबाखूच्या बोदांचं, म्हणजे मोठ्या गाठोड्यांचं, गोणपाट दाभणानं शिवून शीड केलं. ते उभारलं तेव्हा वखारीतले सगळे एकदम शिंकले आणि मिस्त्री ओरडला, "वारं लागलं! वारं लागलं!"

सुकाणू त्यानं पुढच्या टोकाला बसवलं होतं.

"मिस्त्री, सुकाणू मागं असतंय," आप्पा म्हणाले.

"मागं बसून कोण बैल हाकतंय आप्पा?"

"आरं गलबताला बैल न्हाईत."

"ह्याला हाईत की," असं म्हणून त्यानं जू दाखवलं. सुकाणू पुढेच राहिलं. लोक मुद्दाम ते बघायला यायचे, त्याची टर उडवायचे, आणि जाताना एखादी फळी धरून किंवा खिळा पुढे करून जायचे. मराठी घरातले, कन्नड घरातले, दोन्ही. मी त्या गल्लीत जन्मलो, पण इतके लोक इतके दिवस न भांडता एका छपराखाली मी तेव्हाच पाहिले. मिस्त्रीचा ऊर भरून आला होता. त्या वखारीत तो मालक असल्यासारखा फिरायचा. इतकी वर्षं गल्लीत राहून तो 'गोकाकवाला' होता. त्या महिन्यात पहिल्यांदा लोक त्याला 'आमचा मिस्त्री' म्हणू लागले होते.

फक्त गलबताचं नाव ठरेना. इकडच्यांना एक हवं होतं, तिकडच्यांना दुसरं. आप्पांनी हात झटकले. "नाव ठेवलं की लोक नावं ठेवतात. बिननावाचंच जाऊ दे."

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी मी दुपारी वखारीत गेलो तेव्हा मिस्त्री एकटाच होता. तो पुढच्या टोकाकडे बघत उभा होता.

"बोडकं दिसतंय रं तम्मा. गाडीवर सुद्दा मालकाचं नाव असतंय. काय तरी पायजे."

"काय घालणार? ठरलंय कुठं?"

"तू सांग. तू शिकल्याला."

मी कंटाळलो होतो. उन्हातून आलो होतो, नावावरच्या भांडणांनी डोकं उठलं होतं. चेष्टेत म्हणालो, "नाव आहे न्हवं ही? मग 'नाव' असंच घाला. नावेचं नाव नाव."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं आणि तो हसायला लागला. इतका की त्याला ठसका लागला. "नावु! आरं, नावु म्हंजे आपण की रं! तुमच्यात होडी, आमच्यात आपण!"

तेव्हा मला वाटलं की मी काहीतरी फार मोठं काम केलं. बैठकीत कुणाला न सापडलेलं नाव माझ्या तोंडून चेष्टेत निघालं होतं. मीच त्याच्या कानावरची पेन्सिल घेतली. उजव्या बाजूला देवनागरीत 'नाव' काढलं आणि डाव्या बाजूला, त्यानंच शिकवलेल्या वळणानं, कन्नडमध्ये 'नावु'. देवनागरी त्याला येत नव्हती, आणि कन्नड तो स्वतः काढू शकला असता, पण म्हणाला, "तूच काढ. तुझा अक्षर आता माझ्यापरास बरा झालाय." पटाशीनं कोरलं त्यानं. मी शेजारी उभं राहून फुंकर मारून भुसा उडवत होतो.

"उद्या आप्पांना तूच सांग हां," तो म्हणाला. "मी सांगिटलं तर टर उडवतील."

"सांगतो की."

मी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी आप्पा कुठेतरी गेले होते, आणि मीही म्हटलं, सकाळी सगळ्यांसमोरच सांगू, मजा येईल.

सकाळी बैल जुंपले. वखारीचं दार अरुंद, वळण उजवीकडे. त्यामुळे गलबत बाहेर आलं ते डावी बाजू रस्त्याकडे करून. उजवी बाजू भिंतीला घासत होती. लेझीम खेळणारी पोरं समोर उभी होती. ताशा वाजत होता. तो मध्येच थांबला.

"हे काय लिवलंय?"

"कन्नड हाय."

"आपल्या गलबतावर कन्नड?"

मागून कुणीतरी भिंत आणि गलबत यांच्यामधून अंग चोरत पलीकडे गेला आणि ओरडला, "हिकडं मराठीत लिवलंय! 'नाव' असं लिवलंय!"

"काय नाव?"

"नुस्तं 'नाव'!"

"म्हंजे हिकडं मराठीत नुस्तं 'नाव' म्हणायचं, आणि खरं नाव तिकडं कन्नडात कोरायचं! वा रं वा!"

आज हे लिहिताना हसू येतं. त्या वेळी कुणी हसलं नाही. लेझीमवाल्यांचा जो म्होरक्या होता, त्यानं हातातली लेझीम फेकली. मिस्त्री पुढे आला. नवा पटका बांधला होता त्यानं.

"आरं बाबांनो, नावु हाय ते. नावु म्हंजे आपण. आपण समदे!"

"तूच लिवणार आणि तूच वाचून सांगणार व्हय?"

"आमच्यातल्या कुणीतरी वाचून सांगा की रं!"

कन्नड घरातले चार लोक मागे बैल सजवत होते. त्यांच्यापैकी एकानं काही म्हटलं, तर त्याला "तू गप, तुला इचारलं न्हाय" असं उत्तर मिळालं. म्हणजे वाचणारा मराठी हवा होता. आप्पांनी गर्दीवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

"तुझ्या कचेरीत कन्नड कागद येत्यात न्हवं? वाच बघू. वाच आणि मिटव हे."

मी मिस्त्रीकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघून हसला. त्याला खात्री होती. आता तम्मा बोलणार आणि सगळे हसत सुटणार, ताशा पुन्हा वाजणार.

माझ्या डोळ्यांपुढे देवळातला तो नारळ आला. वाचतो म्हणालो असतो तर कुठे शिकलास, कशाला शिकलास, हे आलं असतं. म्होरक्या माझ्याचकडे बघत होता. त्याच्या सख्ख्या भावानं परीक्षा दिली नव्हती आणि त्याची नोकरी गेली होती.

मी म्हणालो, "मला न्हाय येत वाचायला."

मिस्त्रीचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, जसं माणूस निघून गेल्यावर दार थोडा वेळ हलत राहतं. तो एवढंच म्हणू शकला असता की अक्षरं ह्यानं काढली. मी त्याची वाट बघत होतो. खरंच सांगतो, त्यानं म्हटलं असतं तर मला सुटल्यासारखं झालं असतं. त्यानं तसं म्हटलं नाही.

"तूच खरवडून काढ ते," म्होरक्या त्याला म्हणाला.

मिस्त्री वखारीत गेला आणि रंधा घेऊन आला. ती बाजू सपाट करायला त्याला फार वेळ लागला नाही. त्याला सवय होती. उजवीकडचं 'नाव' कुणी काढायला सांगितलं नाही, ते तसंच राहिलं. मग ताशा वाजला, गलबत निघालं. रंध्यानं निघालेली गोल गोल भेंडोळी रस्त्यावर पडली होती, मिरवणूक त्यांच्यावरून गेली. मीही गेलो. कुणीतरी लेझीम हातात दिली, ती खेळलो.

दुसऱ्या दिवशी कन्नड घरांनी नुसते बैल मिरवले. गलबताला कुणी हात लावला नाही. आप्पा दोन्हीकडे जाऊन आले, पण कुणी त्यांना बसा म्हणेना. पुढे पावसाळ्यात गलबत त्या गळक्या वखारीत भिजलं, आणि ज्याला जशी लागली तशी लोकांनी फळी नेली. आमच्या न्हाणीच्या दाराला त्यातलीच एक होती. वडिलांनी आणली होती, मला नाही म्हणता आलं नाही.

मिस्त्रीनं भांडण केलं नाही. भिंत तीच होती. मी दिसलो की तो मान हलवायचा. फक्त माझ्याशी कन्नड बोलणं त्यानं बंद केलं. मराठीत बोलायचा, आणि मला 'साहेब' म्हणायचा. काही महिन्यांनी त्यानं सामान भरलं आणि सासुरवाडीजवळ, संकेश्वरला गेला. गाडी हलली तेव्हा मी कचेरीत होतो. रजा मागता आली असती.

मी गेलो तिकडे. ऐंशी साल उलटून बरीच वर्षं झाली होती, माझी नोकरी पक्की होऊन बढतीही झाली होती. उसाचा हंगाम होता, रस्त्याला गाड्यांची रांग. त्यानं रस्त्याकडेला छप्पर टाकलं होतं, उसाच्या गाड्या दुरुस्त करत होता. केस पांढरे झालेले. मला बघून उठला, घोंगडं झटकून पसरलं.

"या साहेब."

अक्का आतून आली आणि "बा तम्मा, बा", म्हणजे ये रे ये, असं म्हणाली. तिनं गूळ आणि पाणी दिलं. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. आप्पा गेल्याचं मी सांगितलं. मग मी विचारलं, "कसं चाललंय अण्णा?"

"आम्ही हितं सुखात हाय," तो म्हणाला.

'आम्ही.' त्याला आता फरक कळत होता.

कन्नडमध्ये 'माझं चुकलं' याला 'नंदु तप्पातु' म्हणतात. मी ते बसमध्ये घोकत आलो होतो. मराठीत म्हणायचं नाही, त्याच्या भाषेतच म्हणायचं, असं ठरवलं होतं. पण 'नंदु', म्हणजे 'माझं', ते आतच राहिलं. बाहेर आलं ते इतकंच, "तप्पातु... अण्णा, तप्पातु..."

गाडी चुकली तरी त्यांच्यात तसलाच शब्द आहे, 'तप्पतु'. दोन्हींतला फरक माझ्या जिभेनं कधी नीट पाळला नव्हता.

"बस तप्पतु?" अक्का ताडकन उठली. "अय्यो! मग राहा की तम्मा आज!"

"कशाला राहतील, मोठं काम असतंय साहेबास्नी," मिस्त्री चपला शोधत म्हणाला. "दुसरी गाडी हाय आत्ता. चला, चला, पळा!"

मी "न्हाय, तसं न्हाय" म्हणत होतो, पण त्यानं माझी पिशवी उचललीही होती. तो पुढे आणि मी मागे, उसाच्या गाड्यांमधून आम्ही पळत स्टँडवर गेलो. गाडी खरंच उभी होती. त्यानं मला आत ढकललं, पिशवी खिडकीतून दिली, आणि बसच्या पत्र्यावर थाप मारली, काम झालेली बैलगाडी मालकाला देताना मारायचा तशी.

त्याला खरंच कळलं नव्हतं, की कळूनच त्यानं मला गाडीत बसवलं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी पुन्हा गेलो नाही. पुढच्या हंगामात जाऊ म्हटलं, मग त्याच्या पुढच्या. मग संकेश्वरच्या एका माणसानं सहज बोलता बोलता सांगितलं की तो गाडीवाला मिस्त्री वारला. अक्का त्याच्याआधीच गेली होती.

बोलायचं होतं ते फार नव्हतं. अण्णा, अक्षरं मी काढली होती. मला वाचता येत होतं, तुम्हीच शिकवलं होतं. तिथे 'नावु' लिहिलं होतं, आणि त्यात तुम्ही होतात, मीही होतो. नंदु तप्पातु, अण्णा. नंदु.